बिनमिठाची पोळी

मी जालन्यात तीसेक वर्षं नर्सची नोकरी केली. पू, रक्त, उलट्या, जखमेतले किडे, सगळं या हातांनी साफ केलं आणि त्याच हातांवर साबण फिरवून डबा उघडून जेवले. नव्या पोरी नोकरीला लागायच्या, पहिल्याच आठवड्यात जेवण टाकून पळायच्या, तेव्हा मला त्यांचं हसू यायचं. घाणीची मला किळस नाही. पण आमच्या गावच्या चर्चमधला दारालगतचा बाक नुसता आठवला तरी मला आजही मळमळतं.

वाटूर फाट्यावरून आत शिरलं की मोसंबीच्या बागा लागतात, मग कापूस, मग आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती आहे, थोडीच घरं, आणि मधोमध काळ्या दगडाचं चर्च. ते बांधलं एका गोऱ्या पाद्रीसाहेबानं. तो स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा खेड्याचा. बैलगाडीतून आला, इथंच ताप येऊन गेला आणि मागच्या आवारात त्याची कबर आहे. आमच्या पणजोबांना तेव्हा गावातल्या देवळाची पायरी चढू देत नव्हते. या माणसानं त्यांना आत घेतलं आणि पुढच्या बाकावर बसवलं. हे त्याचं पुण्य मी नाकारत नाही.

पण येताना त्यानं आपल्या खेड्यातल्या चालीही बरोबर आणल्या. त्याच्या गावी म्हणे प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये वाटतात ती, भाकर कुणालाही अशीच मिळत नसे. आदल्या दिवशी पंच घरोघर जायचे, कोण कसं वागतं ते विचारायचे, आणि वागणूक चोख असेल त्याच्या हातात एक बिल्ला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बिल्ला परत द्यायचा, तर भाकर मिळायची. ज्याच्या वागण्याला डाग असेल त्याला वेगळं बसवायचे, सगळ्यांच्या देखत, आणि त्यानं उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणेपर्यंत तो तिथंच.

साहेब गेला, त्याचं राज्य गेलं. त्याच्या देशातही या चाली कधीच मोडल्या. आमच्याकडं मात्र त्या अजून जिवंत आहेत. पितळेचे छोटे लंबगोल बिल्ले, जाड कापडाच्या पिशवीत, थोरल्या पंचांच्या कपाटात. मागं एकदा स्कॉटलंडहून एक म्हातारी बाई साहेबाची कबर बघायला आली होती. तिला बिल्ले दाखवले तर ती हरखून गेली. दुभाष्याकडून म्हणाली, आमच्याकडं हे आता म्युझियमच्या काचेत ठेवलेत, कुणाकडं असतील असं वाटलं नव्हतं. थोरल्या पंचांची छाती फुगली. पुढं कितीतरी दिवस ते सांगत फिरत होते, ‘‘तिकडं न्हाई ते आपण सांभाळून राह्यलो.’’ त्या बाईच्या लेखी जे काचेतलं जुनं भांडं, त्यात हे अजून जेवतात, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

ते बिल्ले घासायचं काम माझ्या मावशीचं होतं. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तर मला वाढवलं मावशीनं. तिचा नवराही तरुणपणीच गेला. पदरी एक मुलगी. मोसंबीच्या बागेत मजुरी करून तिनं आम्हा दोघींना शिकवलं. बाई काटक, बोलायला तिखट, पण चर्चच्या बाबतीत लोण्याहून मऊ.

प्रभुभोजन आमच्याकडं वर्षातून चारदाच. त्या आठवड्यात बिल्ल्यांची पिशवी मावशीकडं यायची. ती अंगणात बसून चिंचेच्या कोळानं एकेक बिल्ला घासायची, राखेनं पुसायची, उन्हात वाळवायची. आणि रविवारी पहाटे उठून ती पोळी करायची. तीही पोळी साहेबाच्या काळापासून ठरलेली. बिनमिठाची, बिनतेलाची. मीठ घालायचं नाही म्हणजे नाही. कुणी तरी एकदा चिमूटभर घातलं होतं, तर पंचांनी ती पोळी गुरांना घातली होती, अशी गोष्ट मावशी मोठ्या भक्तिभावानं सांगायची. दोनच पोळ्या, पण ताटाएवढ्या. त्यांचे नखाएवढे चौकोन करायचे, चर्चच्या पितळी डब्यात भरायचे, वर खळ दिलेलं पांढरं फडकं. द्राक्षारस आधी तीच मनुका उकळून करायची. कोरोनानंतर तो बाटलीतून यायला लागला आणि एका प्याल्याच्या जागी प्लास्टिकचे चिमुकले कप आले. भोजन झालं की ते कप चर्चच्या मागं फेकतात. शेळ्या ते चाटतात, गोड लागतात म्हणून. पवित्र प्याल्याची अशी गत करणाऱ्यांनी माझ्या मावशीची वागणूक तपासावी, याच्याहून ओंगळ काय असेल?

तर झालं असं. मावसबहिणीनं लग्न ठरवलं. मुलगा वडीगोद्रीकडचा, बौद्ध घरचा. हायवेला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. सरळ, कमी बोलणारा, निर्व्यसनी. त्याचे पणजोबा आणि आमचे पणजोबा एकाच पाणवठ्यावरून हाकलले गेलेले. पुढं आमचे एका वाटेनं गेले, त्यांचे दुसऱ्या वाटेनं, एवढाच काय तो फरक. लग्न बौद्ध पद्धतीनं झालं. मावशी पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली, सगळ्यांबरोबर हात जोडले, मुलीच्या डोक्यावर फुलं टाकली आणि पोटभर जेवली. ‘‘लई चांगलं केलं बघ त्यांनी,’’ परत येताना काळीपिवळीत ती मला म्हणाली, ‘‘हुंडा न्हाई, मानपान न्हाई. असं लगीन म्या आपल्यात बी बघितलं न्हाई.’’

दुसऱ्याच आठवड्यात पंच बसले. मी मुद्दाम सुट्टी टाकून गेले होते. चर्चच्या ओट्यावर सतरंजी, थोरले पंच मधे, बाजूला चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब. पाळक नवा होता, वयानं माझ्याहून बराच लहान. बोलायचे ते थोरले पंचच. ते मावशीच्या नवऱ्याचे लांबचे भाऊ लागतात. मावशी त्यांना भावजी म्हणायची.

‘‘वहिनी, तुम्ही मुलीला अडवलं न्हाई, ते एक येळ समजू,’’ ते म्हणाले, ‘‘पर तुम्ही सोता जाऊन हात जोडून बसल्या. हे बराबर न्हाई. चर्चच्या मंडळीला डाग लागतो.’’

‘‘लेकीच्या लग्नात आई हात जोडून न्हाई बसणार तर काय हात मागं बांधून बसणार का?’’ मावशी म्हणाली.

‘‘चूक कबूल करा, विषय इथंच संपला.’’

‘‘म्या कोणती चूक केली?’’

तिला शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे बिल्ला बंद, भाकर बंद, आणि बसायचं दारालगतच्या बाकावर. उभं राहून ‘मी चुकले’ म्हणेपर्यंत. मावशी सगळं ऐकून घेऊन उठली, पदर खोचला आणि विचारलं, ‘‘मंग पोळी कोण करंल?’’

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. हे कुणी हिशेबात धरलंच नव्हतं.

‘‘पोळी तुम्हीच करा की,’’ थोरले पंच म्हणाले. ‘‘बिल्ले बी तुम्हीच घासा. ती सेवा हाय. सेवेला कुणाची ना न्हाई.’’

‘‘म्हंजी माझ्या हातचं चालतं.’’

‘‘हाताचं काय वहिनी, हात सगळ्यांनाच देवानं दिलेत.’’

त्या वाक्यावर ओट्यावरच्या एकालाही लाज वाटली नाही. एकानं उलट मान डोलावली. मला त्या क्षणी तिथंच थुंकावंसं वाटलं. पण मावशी म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि घराकडं चालू लागली.

तो बाक कसा होता ते सांगते. एक पाय मोडका, खाली वीट लावलेली. वर आढ्याला पारवे. त्यांची शीट नेमकी त्याच बाकावर पडायची. पुढचे सगळे बाक दर शनिवारी पुसले जायचे, हा नाही. त्यावर बसायला कुणी माणूस असेल हे पुसणाऱ्यांच्या डोक्यात नसायचं. मावशी पिशवीतून जुन्या परकराचा तुकडा न्यायची, बाक पुसायची आणि बसायची. घरी आल्यावर तो तुकडा धुऊन वाळत घालायची, पुढच्या रविवारसाठी.

आणि प्रभुभोजनाचा रविवार आला की बघवायचं नाही. भाकरीचं ताट पुढच्या रांगेपासून सरकत मागं यायचं. ज्या बिल्ल्यांवर तिनं चिंच घासली, ते लोक ताटात टाकायचे आणि जी पोळी तिनं पहाटे लाटली, तिचा चौकोन उचलायचे. ताट तिच्या पुढच्या बाकापर्यंत यायचं आणि तिथून वळायचं. मावशी मांडीवर हाताची ओंजळ करून बसलेली असायची. दर वेळी तशीच. मी एकदा रागानं म्हटलं, देणार नाहीत माहीत असताना ओंजळ कशाला करतेस? ती म्हणाली, ‘‘त्येनी न्हाई दिलं तरी मला पाहिजे हाय, हे देवाला कळाय नको का?’’

तिला ते खरोखर हवं होतं. हे मला नीट सांगायला हवं, कारण तिच्या जागी मी असते तर केव्हाच त्या चर्चला पाठ दाखवली असती. मला त्या भाकरीचं विशेष काही वाटत नव्हतं. माझा बिल्ला मी नुसती सवय म्हणून घ्यायचे. पण मावशी लहानपणापासून त्या एका घासावर जगलेली बाई. नवरा गेला तेव्हा, बागेत साप चावला तेव्हा, मुलीचं पोट दुखायचं तेव्हा, तिच्या तोंडी एकच असायचं, ‘‘पुढच्या भोजनापतुर निभावून ने रे देवा.’’ आता पुढचं भोजन नव्हतं.

मी तिला वाईट सल्लेही दिले. त्या आठवड्यात पिशवी तुझ्याच घरात असते, एक बिल्ला ठेवून घे, पुढं जाऊन बस, बघू कोण उठवतं. ती चिडली. ‘‘चोरून मिळतं ते जेवण न्हाई गं, ते खरकटं,’’ म्हणाली. ‘‘मला समोरून पाहिजे. कुणीतरी देऊन.’’ पिशवी परत न्यायला थोरले पंच यायचे तेव्हा ओट्यावर बिल्ले ओतून मोजायचे, तिच्यासमोर. एकही कधी कमी भरला नाही. तरी दर वेळी मोजायचे.

आणि याच थोरल्या पंचांच्या धाकट्या मुलानं पुण्यात दुसऱ्या धर्माच्या मुलीशी लग्न केलं. जालन्यात मोठा हॉल घेऊन स्वागतसमारंभ झाला, अख्खी मंडळी जीपा करून गेली, गुलाबजाम खाऊन आली. शिस्त? कसली शिस्त! लग्न कोर्टात झालं म्हणे, विधी झालाच नाही, तर दोष कसला. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी हे पाळकसाहेबांना तोंडावर विचारलं. बिचारा खाली बघत म्हणाला, ‘‘ताई, मी बाहेरचा माणूस. दोन वर्षांत माझी बदली होईल.’’ त्याचा मला राग नाही आला. ओल्या भिंतीला हात लागल्यावर येते तशी शिसारी आली.

अशी वर्षं गेली. मावशीनं ‘मी चुकले’ म्हटलं नाही आणि चर्चही सोडलं नाही. मी निवृत्त झाले. मागच्या हिवाळ्यात ती हौदापाशी घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा धड उभी राहिली नाही. मी जालन्याची खोली बंद करून गावी तिच्याजवळ राहायला आले. तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कुशीवर वळवायचं, पुसायचं, भांडं द्यायचं. हे सगळं माझ्या हातचंच काम. रविवारी दुकान बंद करून जावई आणि मावसबहीण यायची. त्या दिवशी वळवायचं काम जावई करायचा. सासूला हात लावायला तो संकोचायचा नाही आणि तीही नाही. ‘‘माझे जावईबापू मोटर गुंडाळतात ना, त्येंचा हात लई हलका हाय,’’ ती शेजारणींना सांगायची.

ईस्टरच्या आठवड्यात मला वाटलं होतं की यंदा पिशवी येणार नाही. खाटेला खिळलेल्या बाईकडं घासायला भांडी कोण आणील? गुरुवारी सकाळी थोरले पंच दारात. हातात पिशवी.

‘‘वहिनी, तब्येत कशी हाय? हे जरा जल्दी करा, शनिवारी वाटायचेत.’’

मी म्हटलं, ‘‘काका, तिला उठून बसता येत नाही.’’

‘‘हाताला तर काही झालं न्हाई ना?’’

माझ्या तोंडात फार वाईट शब्द आला होता. मावशीनंच खाटेवरून सांगितलं, ‘‘ठिवा तिथं. चिंच नवी आलीया.’’ दुपारभर पाठीला उशा लावून, मांडीवर परात घेऊन ती बिल्ले घासत होती. नव्या चिंचेचा आंबट वास खोलीभर पसरला होता. मी नको नको म्हणत होते, ती ऐकेना. शुक्रवारी येऊन त्यांनी बिल्ले मोजून नेले.

शनिवारी संध्याकाळी बिल्ले वाटायच्या भेटीगाठी. मावसबहीण आणि जावई या वेळी आदल्या दिवशीच आले होते, मावशीला बरं वाटत नव्हतं म्हणून. थोरले पंच आणि आधीच्याच्या जागी बदलून आलेले पाळकसाहेब आत आले, खुर्च्यांवर बसले. माझ्या हातात बिल्ला ठेवला. मग पंचांनी घसा साफ केला.

‘‘वहिनी, आता तुमचं वय झालं. आम्ही बसून इचार केला. चर्चमदी येऊन उभं राहायची गरज न्हाई. इथंच, पडल्या पडल्या, आम्हा दोघांसमोर म्हणा, की त्या लग्नात गेले ते चुकलं. बस. उद्या पाळकसाहेब भाकर घेऊन घरी येतील. काळ बदलला, मंडळीनं बी मन मोठं केलंय.’’

ज्यांच्या लग्नाबद्दल बोलणं चाललं होतं ती दोघं त्याच खोलीत उभी होती. मावसबहीण भिंतीला टेकून. जावयाच्या हातात चहाचा ट्रे होता. पाहुणे आले म्हणून तो आपणहून चुलीशी गेला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तरीही तो पुढं झाला, पाळकाला कप दिला, थोरल्या पंचांना दिला.

पाळकानं कप तोंडाला लावला. पंचांनी आपला कप घेतला आणि खाली फरशीवर, पायापासून लांब ठेवला. ‘‘आत्ताच घेऊन आलो,’’ म्हणाले. हा माणूस चहासाठी कुणाच्याही ओट्यावर बसणारा. त्याला मी एका बैठकीत तीन कप पिताना पाहिलंय.

मावशी पडल्या पडल्या त्या कपाकडं बघत होती. चहावर साय धरली. मग एक माशी आली, कडेला बसली आणि आत पडली. मी आयुष्यभर भांडी ओतली, बादल्या ओतल्या. त्या एका कपानं माझ्या घशाशी आंबट पाणी आलं. पणजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठ्या झालो, आणि आता आमच्याच घरात, आमच्याच माणसानं, तसाच कप बाजूला सारला होता.

‘‘मंग, वहिनी?’’ पंच म्हणाले.

‘‘इचार करते,’’ मावशी म्हणाली.

ते गेले. मी कप मोरीत ओतला आणि राखेनं घासला. आत आले तर मावसबहीण रडत होती आणि मावशीला सांगत होती, ‘‘म्हण आई. एक शब्द तर हाय. आमाला काय वाटणार न्हाई. तुला भाकर पाहिजे ना?’’ जावईही म्हणाला, ‘‘म्हणा आई. आमचं लग्न काय तुमच्या म्हणण्यानं मोडत न्हाई.’’

मला खरंच वाटलं, ती म्हणणार. आणि म्हटलं असतं तर मी तिला दोष देऊ शकले नसते. शरीर संपत आलं होतं. आयुष्यभराची एकच भूक होती आणि ती भागवायला एकच वाक्य पुरणार होतं.

रविवारी पहाटे तिनं मला हाक मारली. ‘‘उठ. पोळी करायची ना?’’

‘‘त्यांच्यासाठी? मी नाही करणार.’’

‘‘कर तू. म्या सांगते.’’

चुलीसमोर मी, खाटेवर ती. पीठ दोनदा चाळ. मीठ नको. तेलाचं बोट नको. मळून झाल्यावर ओल्या फडक्याखाली ठेव. आच मंद कर, डाग पडायला नको. दोन पोळ्या झाल्या, ताटाएवढ्या. मी सुरीनं चौकोन करायला घेतले तर ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे. चहा ठेव. जावईबापूंना उठव. पोरीला बी.’’

ते दोघं आले, खाटेच्या कडेला बसले. मावशीनं पोळीचं ताट आपल्या मांडीवर ठेवायला लावलं. मी चहाचे चार कप भरले. ती डोळे मिटून थोडं पुटपुटली, तिची नेहमीची प्रार्थना, साधीच. ‘‘देवा, आजपतुर निभावून नेलंस.’’ एवढंच मला ऐकू आलं. मग तिनं पोळी मोडली. पहिला तुकडा जावयापुढं धरला.

तो गोंधळला. ‘‘आई, ही चर्चची ना? मला चालती का?’’

‘‘मला चालती,’’ मावशी म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी तुकडा घेतला, खाल्ला. मग एक तुकडा मोडून तिच्यापुढं केला. तिनं हात नाही पुढं केला. मांडीवर ओंजळ केली, चर्चमध्ये करायची तशीच, आणि वाट बघत राहिली. त्याच्या लक्षात आलं. त्यानं तुकडा तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं तो सावकाश तोंडात घातला, बराच वेळ चावत राहिली. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला भान नव्हतं. मी पाठ फिरवून चुलीतली लाकडं मागं ओढत बसले, कारण मलाही ते आवरेना. मग आम्ही चौघांनी चहाबरोबर दोन्ही पोळ्या संपवल्या. पुन्हापुन्हा ती म्हणत होती, ‘‘खा, अजून खा, उरवू नका.’’ शेवटचा तुकडा माझ्या वाट्याला आला.

चर्चची पहिली घंटा झाली. मावशीनं कोनाड्यातल्या पितळी डब्याकडं बोट केलं.

‘‘तेवढा नेऊन दे.’’

‘‘रिकामा?’’

‘‘डबा त्येंचा हाय. त्येंचा त्येंना दे. बराबर फडकं टाकून.’’

मी खळीचं फडकं टाकून डबा नेला, नेहमीप्रमाणे पुढच्या टेबलावर ठेवला आणि मागं येऊन मावशीच्या बाकावर बसले. पारव्यांची शीट वाळून कडक झाली होती. मी ती पुसली नाही. ईस्टर म्हणून चर्च भरलेलं. जालन्याहून, परतूरहून लोक आले होते. गाणी झाली, उपदेश झाला, क्षमेवर होता. मग प्रभुभोजनाची वेळ झाली. थोरले पंच उठले, टेबलाशी गेले, फडकं उचललं, झाकण काढलं आणि तसेच उभे राहिले. पाळकसाहेबांनी वाकून आत पाहिलं.

पंचांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. ‘‘पोळी?’’

‘‘संपली,’’ मी बसल्या जागेवरून म्हणाले. एवढ्या लोकांत माझा आवाज मलाच मोठा वाटला.

‘‘संपली म्हंजी? कुणी खाल्ली?’’

‘‘काल तुम्ही चहा ठेवून गेलात ना काका, तसाच चहा आज पुन्हा केला होता. त्याच्यासंगं संपली.’’

कुणी खोकलं. पाळकसाहेबांचे कान लाल झाले. बाकांवर रांगेनं माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मुठीत बिल्ला, नव्या चिंचेनं घासलेला, आणि टेबलावर रिकामा डबा. सगळ्यांची वागणूक चोख होती आणि खायला काही नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या चर्चमध्ये मला इतकं बरं आधी कधी वाटलं नव्हतं.

मग कुजबूज झाली, पंच एकमेकांत वाकून बोलले, आणि एकाला मोटरसायकलवर फाट्याकडं पिटाळलं. तोवर दोन जादा गाणी म्हटली. तो परत आला, डबा भरला आणि पुढच्या रांगेनं त्यातलं उचलून तोंडात घातलं. मी माझा बिल्ला बाकावर ठेवला आणि उठून घरी आले.

मावशी जागी होती. जावयानं तिला खिडकीकडच्या कुशीवर वळवलं होतं. चर्चमधलं गाणं तिथपर्यंत ऐकू येत होतं.

‘‘काय केलं गं त्येनी?’’ तिनं विचारलं.

‘‘फाट्यावरून पाव आणला. बेकरीतला.’’

‘‘पाव?’’ तिच्या कपाळाला आठी पडली. ‘‘पावात तर मीठ असतं.’’

‘‘असतं.’’

‘‘अन् त्येंना चाललं?’’

‘‘चाललं, मावशी.’’

तिनं खिडकीबाहेर चर्चच्या दिशेनं बघितलं. ‘‘मीठ चाललं व्हय,’’ ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.